लार्किन पो : स्वतःच्या लेबलवर उभा राहिलेला ब्लूज-रॉक बँड

मींडवेडा

इथे मडी वॉटर्स, बी. बी. किंग, रॉबर्ट जॉन्सन या जुन्या ब्लूजवाल्यांवर बरंच लिहिलं गेलंय. आज गाड्या भरून गावोगाव वाजवत फिरणाऱ्या बँडबद्दल मात्र फारसं येत नाही. म्हणून हा धागा लार्किन पोवर काढतोय. रिबेका आणि मेगन लव्हेल या दोन बहिणींचा हा बँड. गाव अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं कॅल्हून, आता मुक्काम नॅशव्हिलला. रिबेका मुख्य गाते आणि गिटार वाजवते. मेगन लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार, वाजवते आणि वरचा किंवा खालचा स्वर धरून बहिणीला साथ देते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या दोघी पंधरा-सोळा वर्षांच्या असल्यापासून उत्तम वाजवतात, पण त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना सापडला तो २०१७ साली, स्वतःच्या लेबलवर, म्हणजे स्वतःच्या संगीत कंपनीतून, 'पीच' हा अल्बम काढला तेव्हा. स्वातंत्र्याचा आणि त्या आवाजाचा थेट संबंध आहे असं मला मनापासून वाटतं, आणि तो मांडण्यासाठीच हे लिहितोय.

थोडी पार्श्वभूमी. लहानपणी घरात व्हायोलिन-पियानोचं पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षण. मग तिघी बहिणी ब्लूग्रासकडे, म्हणजे तंतुवाद्यांवरच्या अमेरिकी लोकसंगीताकडे, वळल्या : जेसिका फिडलवर, मेगन डोब्रो या आडव्या गिटारवर, रिबेका मँडोलिनवर. 'द लव्हेल सिस्टर्स' या नावाने २००५ मध्ये त्यांनी 'अ प्रेअरी होम कम्पॅनियन' या गाजलेल्या रेडिओ कार्यक्रमाची किशोरवयीनांची स्पर्धा जिंकली. उत्तर कॅरोलायनात मर्लफेस्ट नावाचा मोठा लोकसंगीत महोत्सव होतो. तिथली मँडोलिनची स्पर्धा रिबेकाने २००६ मध्ये जिंकली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. ती स्पर्धा जिंकणारी ती पहिली मुलगी. मँडोलिनवरचा तिचा हात किती तयार होता हे यावरून कळावं.

पुढे जेसिकाने वेगळी वाट धरली आणि २०१० च्या सुरुवातीला उरलेल्या दोघींनी लार्किन पो सुरू केला. लार्किन पो हे त्यांच्या खापरपणजोबांच्याही आधीच्या पिढीतल्या एका पूर्वजाचं नाव. लेखक एडगर ॲलन पो याच्या नात्यातला, असं घरात सांगतात. पहिल्या वर्षभरात चार ऋतूंच्या नावाने चार छोटे संच काढले. ते अजून ऐकण्यासारखे आहेत, पण त्यांत ब्लूज शोधावाच लागतो.

मग आली दुसऱ्यांच्या मागे उभं राहून वाजवण्याची वर्षं. इंग्लिश गायक-गीतकार एल्व्हिस कॉस्टेलोची ओळख मर्लफेस्टमधलीच. त्याच्या दौऱ्यांत या दोघी साथीला असायच्या, शिवाय आधी स्वतःचा कार्यक्रमही करायच्या. २०१४ मध्ये निर्माता टी बोन बर्नेटने बॉब डिलनचे पडून राहिलेले जुने शब्द घेऊन काही कलाकारांकडून गाणी करून घेतली, त्या ध्वनिमुद्रणातही या होत्या. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवणं झालं, 'किन' हा पहिला मोठा अल्बम आला. २०१६ मध्ये 'किन'मधली काही गाणी आणि काही नवी, जास्त धारदार गाणी मिळून 'रिस्किन्ड' आला. हे दोन्ही अल्बम मी प्रेमाने ऐकतो. पण त्यांत पॉप आहे, कंट्री आहे, रॉक आहे, आणि या सगळ्यांतून नक्की कुठे जायचंय हे ठरलेलं नाही. एकच बँड दोनच वर्षांत तोच ऐवज नव्याने घडवून बाहेर काढतो, तेव्हा पहिल्या घडणीवर तो समाधानी नव्हता हे उघड आहे.

'पीच'ला त्यांनी बाहेरचा निर्माता घेतला नाही. ट्रिकी-वू रेकॉर्ड्स हे स्वतःचं लेबल काढलं. बहुतेक वाद्यं दोघींनीच वाजवली, ठेके स्वतः संगणकावर बांधले. जुना ब्लूज गायक सन हाउस याचं 'प्रीचिन ब्लूज', रॉबर्ट जॉन्सनचं 'कम ऑन इन माय किचन', पारंपरिक 'जॉन द रेव्हेलेटर' आणि 'ब्लॅक बेटी' यांच्या शेजारी स्वतःची गाणी ठेवली. ऐकून बघा : खाली जड, जवळजवळ हिप-हॉपसारखा ठेका, वर लॅप स्टीलची लांबलचक मींड आणि मध्ये रिबेकाचा खरखरीत आवाज. मधली जागा मोकळी. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालंच असतं की इथे कीबोर्ड भरा, इथे ऱ्हिदम गिटार दुपटीने घ्या. इथे असं म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून ती जागा वाचली. आणि ती मोकळी जागा हीच त्यांची ओळख झाली.

पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये 'व्हेनम अँड फेथ'. तो बिलबोर्डच्या ब्लूज यादीत पहिला आला आणि समकालीन ब्लूज अल्बमच्या ग्रॅमीसाठी त्याला नामांकन मिळालं. ते ग्रॅमी फँटॅस्टिक नेग्रिटो या ब्लूजवाल्याला गेलं. २०२० मध्ये 'सेल्फ मेड मॅन' आणि दुसऱ्यांच्या गाण्यांचा 'किन्ड्रेड स्पिरिट्स', २०२२ मध्ये 'ब्लड हार्मनी', आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच 'ब्लड हार्मनी'ला तेच ग्रॅमी. त्याच वर्षी अमेरिकाना, म्हणजे अमेरिकी मुळांच्या संगीताच्या, पुरस्कारांत वर्षातला सर्वोत्तम गट. जानेवारी २०२५ मध्ये 'ब्लूम'. 'पीच'पासूनचं हे सगळं स्वतःच्या लेबलवर.

तुमची मतं वाचायला आवडतील. विशेषतः ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकलंय त्यांनी जरूर लिहा.

डोंबिवली_फास्ट

सुंदर लेख. 'पीच' आज घरी जाताना लोकलमध्ये ऐकला. 'प्रीचिन ब्लूज' दोनदा.

एक विचारायचं होतं. स्वतःचं लेबल म्हणजे नेमकं काय? आजकाल कुणीही गाणं घरी ध्वनिमुद्रित करून संध्याकाळपर्यंत सगळीकडे चढवू शकतो. मग लेबल आपलं की दुसऱ्याचं याने एवढा काय फरक पडतो? ट्रिकी-वू ही खरी कंपनी आहे की फक्त मुखपृष्ठावरचं नाव?

मींडवेडा

फरक मालकीचा आहे. कुठल्याही ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल ज्याची त्याचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात. मोठ्या लेबलशी करार केला की साधारणपणे लेबल आधी उचल देतं, त्यातून स्टुडिओचा खर्च भागतो, आणि बदल्यात मास्टरची मालकी लेबलकडे जाते. उचल फिटेपर्यंत विक्रीतला कलाकाराचा वाटा तिच्यातच वळता होत राहतो. बहुतेक अल्बमांची उचल कधी फिटतच नाही. आणि फिटली, तरी मास्टर लेबलकडेच राहतो. पंधरा वर्षांनी तुमचं गाणं एखाद्या मालिकेत वापरायचं असेल तर परवानगी लेबल देणार.

स्वतःचं लेबल असलं की उचल नाही, खर्च आपल्या खिशातून. पण मास्टर आपला. दुकानांपर्यंत आणि स्ट्रीमिंग सेवांपर्यंत माल पोहोचवायला वितरक लागतो, तो आपला टक्का घेतो आणि बाजूला होतो. गाणं कसं वाजावं, कुठलं पहिलं बाहेर काढावं, मुखपृष्ठावर काय असावं यात तो बोलत नाही.

आता पैसा कुठून येतो? स्ट्रीमिंगमधून एका ऐकण्यामागे जे मिळतं ते अगदीच नगण्य. अशा बँडचं घर चालतं ते दौऱ्यांवर, आणि दौऱ्यात टेबल मांडून विकलेल्या तबकड्या, टी-शर्ट यांच्यावर. म्हणून तर २०२० हे वर्ष त्यांच्यासाठी फार कठीण गेलं असणार. 'सेल्फ मेड मॅन' जूनमध्ये आला, नेमका तेव्हा जगातला जवळजवळ एकही मंच उघडा नव्हता. अल्बम काढायचा, त्याच्यामागे दौरा करायचा आणि दौऱ्यात तो विकायचा, ही साखळीच तुटली. त्यांनी घरातून थेट प्रक्षेपण केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 'किन्ड्रेड स्पिरिट्स' काढला. दोन आवाज, दोन तंतुवाद्यं, जवळपास एवढ्यावरच. मोठ्या लेबलवर असत्या तर एका वर्षात दोन अल्बम काढायची मुभा मिळणं अवघड होतं.

काळी_पाच

लॅप स्टीलवर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हे वाद्य मूळचं हवाईचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे जोसेफ केकुकू या तरुणाने गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी तुकडा फिरवायला सुरुवात केली असं मानतात. पुढे ही पद्धत अमेरिकेत कंट्रीत आणि ब्लूजमध्ये शिरली. रिकनबॅकर कंपनीची 'फ्राइंग पॅन' नावाने ओळखली जाणारी पहिली विजेवरची गिटार १९३१-३२ ची, आणि तीही लॅप स्टीलच होती. म्हणजे विजेच्या गिटारचा इतिहासच मांडीवर सुरू होतो.

मेगन जुनी रिकनबॅकर वाजवते. अडचण अशी की हे वाद्य बसून वाजवायचं. रॉकच्या मंचावर एक बहीण नाचत-गात हिंडतेय आणि दुसरी खुर्चीत बसलीय, हे जमणार नाही. म्हणून तिने वाद्य कमरेपाशी आडवं पेलून धरणारा आधार घडवून घेतला आणि ती उभी राहून, मंचभर फिरत वाजवते. बिअर्ड या डोब्रो बनवणाऱ्या कारखान्याने पुढे तिच्या नावाचं 'इलेक्ट्रो-लीज' हे लॅप स्टील बाजारात आणलं. ब्लूग्रासमधून आल्यामुळे तिच्या तारा डोब्रोच्या नेहमीच्या मेळात असतात : जी, बी, डी, पुन्हा जी, बी, डी.

आपल्याकडच्या श्रोत्याला हा आवाज परका वाटत नाही, याचं कारणही आहे. हवाईयन गिटार आपल्याकडे चित्रपटसंगीतातून आणि रेडिओवरून घराघरांत पोहोचली होती. ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग मांडला. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर जी गिटार आहे ती काबरांची. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांना एकत्र वाजवल्याबद्दल १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं, त्यातला एक रागदारीतला आणि दुसरा ब्लूजच्या स्लाइडमधला. पडदे नसलेल्या वाद्यावर दोन स्वरांमधली जागा वापरायला मिळते, आणि ब्लूजमधला तो उतरता गंधार नेमका त्या जागेत असतो. मेगनचं वाजवणं मला आवडतं ते यासाठी की ती स्वरावर पटकन पोहोचत नाही. थोडी खालून येते, थांबते, आणि रिबेकाचा आवाज जिथे संपतो तिथून त्याच सुरात पुढे जाते.

मींडवेडा

काळी_पाच, हा प्रतिसाद मूळ लेखातच असायला हवा होता इतका चांगला आहे. रिबेकाचा आवाज संपतो तिथून स्टील पुढे जातं, हे 'मिसिसिपी'मध्ये फार सुंदर ऐकू येतं. तिथे टायलर ब्रायंटची गिटारही आहे. तो रिबेकाचा नवरा, स्वतः ब्लूज-रॉकवाला, आणि 'ब्लड हार्मनी'च्या निर्मितीत दोघींबरोबर होता.

अटलांटाकर

मी यांना अटलांटात ऐकलंय. या मुली जॉर्जियाच्याच, त्यामुळे प्रेक्षकांत अर्धे लोक नात्यातले असावेत असं वातावरण होतं. चारच जण मंचावर : दोघी, बास आणि ड्रम. बाहेर टी-शर्टच्या टेबलापाशी तबकड्या घ्यायला भली मोठी रांग होती.

एक गोष्ट लक्षात राहिली. मधल्या भागात त्यांनी सगळं बंद करून एका मायक्रोफोनभोवती उभं राहून वाजवलं, जुन्या ब्लूग्रास पद्धतीने. ज्याचा आवाज वर यायला हवा तो पुढे सरकतो, बाकीचे मागे. कुणी ध्वनिव्यवस्थेवाला आवाज कमी-जास्त करत नाही, वाजवणारेच एकमेकांचं ऐकून अंतर बदलतात. इतक्या मोठ्या आवाजानंतर ती दहा-पंधरा मिनिटं माझ्या बायकोला सगळ्यात जास्त आवडली, आणि ती काही ब्लूज ऐकणारी नाही.

रानजाई

+१ त्या एका मायक्रोफोनच्या भागाला. त्यांचे घरी चित्रित केलेले जुने व्हिडिओही असेच आहेत. 'टिप ओ द हॅट' नावाने त्या एकेक जुनं गाणं वाजवून टाकायच्या. सोफा, दोन वाद्यं, एक कॅमेरा. मी तिथूनच या बँडकडे आले, आणि तिथूनच सन हाउसकडे गेले.

जुनी_तबकडी

धागा छान चाललाय, पण एक मुद्दा बाजूला राहतोय आणि तो मांडायलाच हवा.

'पीच'मधल्या ज्या गाण्यांचं कौतुक होतंय ती कृष्णवर्णीय माणसांनी केलेली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांच्या हयातीत मास्टर सोडा, पोटभर पैसेही मिळाले नाहीत. 'व्हेनम अँड फेथ'मध्ये स्किप जेम्सचं 'हार्ड टाइम किलिंग फ्लोअर ब्लूज' आहे. स्किप जेम्सने ते १९३१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला पॅरामाउंटसाठी ध्वनिमुद्रित केलं. मंदीचा काळ, तबकड्या विकल्या गेल्या नाहीत आणि तो जवळजवळ तीस वर्षं संगीतापासून दूर राहिला. १९६४ मध्ये काही तरुण गिटारवाल्यांनी त्याला शोधून काढलं तेव्हा तो मिसिसिपीत ट्युनिकाच्या इस्पितळात होता. मग १९६६ मध्ये क्रीम या ब्रिटिश बँडने त्याचं 'आय ॲम सो ग्लॅड' घेतलं आणि त्या मानधनातून त्याच्या उपचाराचा खर्च निघाला. १९६९ मध्ये तो गेला.

विली डिक्सन घ्या. शिकागोच्या चेस रेकॉर्ड्ससाठी त्याने इतकी गाणी लिहिली की त्यांच्याशिवाय ब्लूज-रॉक उभाच राहिला नसता. चेसची प्रकाशन कंपनी आर्क म्युझिक हिच्याशी त्याला आणि मडी वॉटर्सला सत्तरच्या दशकात भांडावं लागलं. १९८५ मध्ये त्याने 'होल लॉटा लव्ह'वरून लेड झेपेलिनवर दावा लावला आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. त्या पैशातून त्याने ब्लूजवाल्यांना त्यांचे हक्क मिळवून देणारी संस्था वाढवली. ती आज चेसच्याच जुन्या इमारतीत आहे, २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यू. रॉबर्ट जॉन्सन १९३८ मध्ये मेला आणि त्याचा मुलगा क्लॉड याला वारस म्हणून मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं ते २००० साली.

तेव्हा 'स्वतःच्या मास्टरची मालकी' हा शब्दप्रयोग ब्लूजच्या संदर्भात वापरताना हा सगळा इतिहास त्याच्या मागे उभा असतो. दोन गोऱ्या मुलींना ती मालकी २०१७ मध्ये मिळाली याचा मला आनंदच आहे. पण ती कुणाच्या गाण्यांवर उभी आहे हे विसरून चालणार नाही.

मींडवेडा

जुनी_तबकडी, तुमचा एकही मुद्दा मला खोडायचा नाही. उलट मालकीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो तो याच इतिहासामुळे. चेस हेही स्वतंत्र लेबलच होतं, मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचं. पण ते वाजवणाऱ्यांच्या मालकीचं नव्हतं. स्वतंत्र लेबल आणि कलाकाराचं स्वतःचं लेबल या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

कायद्याचं थोडं. अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं दुसऱ्याने ध्वनिमुद्रित करायचं असेल तर मूळ रचनाकाराला ते अडवता येत नाही, पण दर प्रतीमागे ठरलेली रक्कम द्यावी लागते. २०२२ पर्यंत पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला ती ९.१ सेंट होती, २०२३ मध्ये १२ सेंट झाली. ज्या रचनेवर कुणाचा हक्क उरलेला नाही तिला हे लागू नाही. म्हणजे अन्याय जिथे झाला तो बहुतेक वेळा पहिल्याच करारात झाला : हक्क प्रकाशकाच्या नावे लिहून घेतले गेले, म्हणून नंतर कितीही जणांनी गाणं घेतलं तरी पैसे तिकडेच गेले.

लार्किन पोच्या बाजूने एवढंच म्हणेन की त्या मूळ माणसाचं नाव दर वेळी घेतात. 'व्हेनम अँड फेथ'चं पहिलंच गाणं 'समटाइम्स' हे बेसी जोन्सचं. ही जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या सेंट सायमन्स बेटावर गाणारी बाई, लोकसंगीत गोळा करत फिरणाऱ्या ॲलन लोमॅक्सने तिला १९५९ च्या सुमारास ध्वनिमुद्रित केलं. मूळ ध्वनिमुद्रणात फक्त गळे आणि टाळ्या आहेत. आपल्याच राज्यातल्या या आवाजापासून अल्बम सुरू करायचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. रानजाई वर म्हणाल्या तसं त्यांच्यामुळे कुणी सन हाउसपर्यंत पोहोचत असेल, तर ते काम त्या करताहेत.

जुनी_तबकडी

पोहोचणं चांगलंच. पण पोहोचल्यावर मूळ तबकडी विकत घ्या आणि आजच्या कृष्णवर्णीय ब्लूजवाल्यांनाही ऐका, एवढं मी प्रत्येक ठिकाणी लिहिणार. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा ख्रिस्टोन 'किंगफिश' इंग्रम, रूथी फॉस्टर, फँटॅस्टिक नेग्रिटो. यांच्यापैकी कुणावर पुढचा धागा निघाला तर मी सगळ्यात आधी येईन.

रानजाई

नेग्रिटोवर मी लिहिते. त्याची गोष्ट या धाग्याच्या विषयाला धरूनच आहे : आधी मोठ्या लेबलवर गेला, तिथे काही झालं नाही, अपघातात हात गेल्यात जमा होता, आणि कित्येक वर्षांनी स्वतंत्रपणे परत उभा राहिला.

खर्ज

थोडा वेगळा सूर लावतो. मला 'पीच' तितका आवडत नाही. संगणकावरचे ठेके मला कोरडे वाटतात. दहापैकी निम्मी गाणी दुसऱ्यांची. 'किन'मध्ये गीतलेखन जास्त भरलेलं होतं, चाली जास्त वळणदार होत्या. स्वतःचं लेबल आलं आणि बँडने एक ठसठशीत छाप निवडली, हे मान्य. पण छाप निवडली की बाकीचं सुटतं. ब्लूग्रासमधली ती नाजूक मँडोलिन मला हवी होती. ती सगळ्यात आधी गेली. स्वातंत्र्यातून नेहमी अधिक विविधता येते असं नाही, कधी बाजारात पटकन ओळखू यावं म्हणून कलाकार स्वतःच स्वतःला अरुंद करतो.

मींडवेडा

खर्ज, ठेक्यांबद्दल तुमच्याशी सहमत होणारे बरेच भेटतील. बहुधा त्या दोघींनाही ते जाणवलं असावं, कारण 'ब्लड हार्मनी'त प्रत्यक्ष मंचावरच्या बँडचा दणका आणलाय, ड्रम माणसाने वाजवलेले आहेत हे पहिल्या मिनिटात कळतं. 'सदर्न कम्फर्ट' आणि 'बॅड स्पेल' लागोपाठ ऐका.

पण अरुंद होण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. 'पीच' अरुंद आहे हे खरं, आणि त्या वेळी ते आवश्यक होतं. ज्या बँडला पंधरा गोष्टी येतात त्याला त्यातल्या तीन निवडणं फार जड जातं. ती निवड त्यांनी स्वतः केली, आणि पुढे प्रत्येक अल्बमला एकेक गोष्ट परत आणली. 'सेल्फ मेड मॅन'मध्ये आंधळ्या विली जॉन्सनचं 'गॉड मूव्ह्ज ऑन द वॉटर' आहे, टायटॅनिक बुडण्यावरचं. तिथे गॉस्पेल आलं. २०२१ मध्ये मायामीच्या न्यू डेको आँसाँब्ल या वाद्यवृंदाबरोबर थेट ध्वनिमुद्रण केलं, तिथे लहानपणचं शास्त्रीय शिक्षण कामी आलं. 'ब्लूम'मध्ये तर गीतलेखन पुन्हा मध्यभागी आहे. तुम्हाला 'किन' आवडतो, तर 'ब्लूम' नक्की ऐका.

खर्ज

'ब्लूम'मधलं 'मॉकिंगबर्ड' आत्ता ऐकलं. यात मला हवं ते आहे. उरलेला आज रात्री.

ईशान्यवारा

शिलाँगच्या सोलमेटचं नाव अजून कसं आलं नाही? आपल्याच देशातला स्वतंत्र ब्लूज-रॉक बँड, २००३ पासूनचा. रूडी वालांग गिटारवर आणि टिप्रिती खारबांगर गायला, दोघेही खासी. 'शिलाँग' २००५ मध्ये, 'मूव्हिंग ऑन' २००९ मध्ये, 'टेन स्टोरीज अप' २०१४ मध्ये. २००७ मध्ये ते मेम्फिसला आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेत भारतातर्फे वाजवून आले. बील स्ट्रीटवरच्या क्लबांमध्ये ही स्पर्धा होते, ज्या रस्त्यावर बी. बी. किंग घडला.

इथे मींडवेडांच्या मुद्द्याला एक जोड द्यावीशी वाटते. तीन अल्बमांमध्ये चार-पाच वर्षांचं अंतर का, याचा विचार करा. लार्किन पोला आठवड्याला चार-पाच गावं वाजवता येतात, कारण अमेरिकेत आणि युरोपात तीनशे-पाचशे माणसांची तिकीट लावून चालणारी सभागृहं गावोगाव आहेत. आपल्याकडे इंग्रजी ब्लूज गाणाऱ्या बँडला महाविद्यालयांचे महोत्सव, चार-सहा शहरांतले क्लब आणि मोजके संगीत महोत्सव, एवढंच. मास्टर स्वतःचा असला तरी तो फिरवायला रस्ता हवा. शिलाँगहून मुंबईला बँड आणायचा म्हणजे विमानाची तिकिटं, वाद्यांचं सामान, राहणं. एका कार्यक्रमाच्या मानधनात हे सगळं बसवणं किती कठीण आहे हे आयोजकांना विचारा.

बांद्र्याचा_बास

सोलमेटला मी मेहबूब स्टुडिओत ऐकलंय, २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा. शिकागोचा ब्लूज गिटारवाला बडी गाय याचं नाव ऐकून गेलो होतो आणि टिप्रितीच्या आवाजाने जागेवर खिळलो.

ईशान्यवारा यांचं रस्त्याचं म्हणणं अगदी बरोबर. मुंबईतला वॉरन मेंडोन्सा घ्या. ब्लॅकस्ट्रॅटब्लूज या नावाने तो २००७ पासून स्वतःच्या जोरावर गिटारचे अल्बम काढतोय, बहुतेक शब्दांशिवाय. इतका तयार हात, इतका सुंदर आवाज. पण भारतात त्याच्यासारख्याला गावोगाव महिनाभर फिरता येईल अशी साखळीच नाही. आपल्याकडे नाटकांना अशी साखळी आहे. पुण्याहून निघालेलं नाटक कोल्हापूर, सांगली, नाशिक, औरंगाबाद, नागपूर करत फिरतं, कारण गावोगाव नाट्यगृह आहे, तिथला ठेकेदार आहे आणि तिकीट काढणारा प्रेक्षक आहे. संगीतातल्या स्वतंत्र बँडसाठी हे अजून कुणी बांधलेलं नाही.

मींडवेडा

हा मुद्दा मी मूळ लेखात मांडला नव्हता आणि तो अत्यंत महत्त्वाचा आहे. लार्किन पोच्या यशाचं निम्मं श्रेय त्या रस्त्याला जातं. कॉस्टेलोच्या मागे वाजवताना त्यांनी तोच रस्ता पाठ केला : कुठल्या गावात कुठलं सभागृह, कुठे कोण येतं, सामान कसं बांधायचं. स्वतःचं लेबल काढायच्या आधी त्यांच्याकडे हे ज्ञान होतं. आणि इंग्लंड-युरोपातला ब्लूजचा प्रेक्षक निष्ठावान आहे, दर वर्षी परत येतो.

सोलमेटचा 'शिलाँग' आज पुन्हा ऐकतोय. टिप्रितीच्या गळ्यात चर्चमधलं गाणं आहे, ते रिबेकाच्या गळ्यातही आहे. दोघींना शेजारी-शेजारी ऐकलं तर ते चटकन जाणवतं.

डोंबिवली_फास्ट

धागा वाचून यादी भलतीच लांबली. माझ्यासारख्या नवख्याने लार्किन पो कुठून सुरू करावं? आणि माझ्या पुतणीला लॅप स्टील शिकायचंय, ती सध्या साधी गिटार वाजवते. कुठून सुरुवात करावी?

मींडवेडा

ऐकण्यासाठी : आधी 'व्हेनम अँड फेथ' पूर्ण, क्रमाने. मग 'ब्लड हार्मनी'. त्यानंतर मागे 'पीच'. 'किन्ड्रेड स्पिरिट्स' रात्री उशिरा, हेडफोनवर. प्रत्येक अल्बममधलं जे गाणं दुसऱ्याचं आहे, त्याचं मूळ ध्वनिमुद्रण त्याच दिवशी ऐका. जुनी_तबकडी यांचं म्हणणं मनावर घ्या.

शिकण्याबद्दल काळी_पाच सांगतील.

काळी_पाच

पुतणीला नवीन वाद्य लगेच घेऊन देऊ नका. साध्या गिटारच्या नटवर (मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्यावर) बसणारी एक पट्टी मिळते, ती लावली की तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवता येते. एक पोलादी बार घ्या. तारा ओपन जीमध्ये लावा, म्हणजे डी, जी, डी, जी, बी, डी. मेगनचा डोब्रोचा मेळ साध्या गिटारच्या तारांवर लावू नका, जाड तारा वर ओढाव्या लागतात आणि तुटतात, त्याला वेगळा संच लागतो.

बार पडद्याच्या बरोबर वर धरायचा, मध्ये नाही. आणि पहिले काही आठवडे गाणी वाजवू नका. तंबोऱ्याचं ॲप लावून एकाच तारेवर सा ते रे, रे ते ग अशी सावकाश मींड घ्यायला सांगा, स्वर बेसूर झाला की तिला स्वतःला ऐकू येईपर्यंत. उजव्या हाताने नको असलेल्या तारा दाबून बंद ठेवायची सवय याच काळात लागली पाहिजे, नंतर लागत नाही. ती पुण्या-मुंबईत असेल तर हवाईयन गिटार शिकवणारे जुने शिक्षक अजून आहेत, त्यांच्याकडे पाठवा. मला निरोप करा, मी विचारून सांगतो.

डोंबिवली_फास्ट

ती ठाण्यात असते. निरोप केलाय.